ओसीवाल्याला कळते ते शाळेला का कळू नये?

चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी धारवाडला घरी आला. हुबळीत त्याचे किराणा दुकान होते. ‘होते’ म्हणतो, कारण ते त्याच आठवड्यात हातचे गेले होते. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. उभ्या-आडव्या रेघा सुबक मारलेल्या, तारखा टापटिपीने घातलेल्या, प्रत्येक तारखेसमोर एक आकडा ‘ओपन’चा आणि एक ‘क्लोज’चा. आमच्या भागात मटक्याला ‘ओसी’ म्हणतात. त्या ओसीची ही अडीच वर्षांची नोंद होती. शेवटच्या पानावर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, हे बघा. ओपनला सहा आठ दिवस आलेला नाही. आता यायलाच पाहिजे की हो! तुम्हीच सांगा.”

हा मुलगा सातवीत त्रैराशिकात माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण घेऊन गेलेला. वहीत रेघा मारण्याची शिस्तही मीच लावलेली. सहा आकडा आठ दिवस आला नाही म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र मी त्याला कधीच शिकवले नव्हते. ते शिकवायचे असते असे आमच्या शाळेत कुणाला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या वहीला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते देताना माझ्या व्यवसायबंधूंना चार कडू शब्द ऐकवणे भाग आहे. त्यातला पहिला माझा मलाच आहे.

*

मटक्याचा जन्म कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, याच्या तारा मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. १९६०च्या सुमारास ते थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते आले. हुबळी ही कापसाची जुनी पेठ. तेव्हा ‘ओपन-क्लोज’ची भाषा आमच्या बाजाराला परकी वाटण्याचे काही कारण नव्हते.

या खेळाचे गणित पाचवीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला, तर सर्वसाधारण दर नऊ रुपयांचा. जोडीला नव्वद, पण जोड्या शंभर. आकडे प्रामाणिकपणे काढले जातात असे धरून चला. रोज दहा रुपये याप्रमाणे तीनशे दिवसांत तीन हजार रुपये जातात. दहातून एकदा या हिशेबाने तीस वेळा नव्वद, म्हणजे सत्तावीसशे परत येतात. तीनशे रुपये राहिले ते खेळवणाऱ्याचे. एखाद्या दिवशी त्याला फटका बसेल, एखाद्या आठवड्यातही बसेल. पण हजार गिऱ्हाइकांमध्ये त्याचा दहावा हिस्सा साधारण ठरलेला. तो बुवा कदाचित सातवी नापास असेल. पण ‘एकाचे काय होईल ते सांगता येत नाही, हजारांचे काय होईल ते सांगता येते’ हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्या ज्ञानावर त्याचा संसार चालतो, त्याच ज्ञानावाचून आमच्या पैकीच्या पैकीवाल्याचा संसार बुडतो!

यावर कुणी म्हणेल, हे काम पोलिसांचे आहे, मास्तरांचे नव्हे. कर्नाटकात २००७ साली लॉटरी बंद झाली. २०२१ साली ऑनलाइन जुगाराविरुद्ध कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यातली मुख्य कलमे फेब्रुवारी २०२२मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. या बंद्यांना माझा विरोध नाही. परंतु बंदी दुकानाचे दार लावते, गिऱ्हाइकाच्या डोक्यातली चूक तिला पुसता येत नाही. ती पुसण्याची जागा सहावी-सातवीचा वर्ग ही आहे, आणि त्या वर्गात आम्ही काय करतो ते आता पाहू.

*

आम्ही त्या वर्गात गुणोत्तर आणि प्रमाण शिकवतो. निदान तसा आमचा समज आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. विष्णूने जसे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी घोकली. घोकंपट्टी म्हणून तिला आज नावे ठेवतात. पण तागडीपुढे उभ्या माणसाला सव्वा शेराचे पाऊण किती, याचा अंदाज बोटांच्या टोकाशी असे. आमच्या सीमेवर तर भाषाही त्याची साक्ष देते. मराठीतला ‘पाव’ हा संस्कृत ‘पाद’, म्हणजे पाय. कानडीत चतुर्थांशाला ‘कालु’ म्हणतात आणि पायालाही ‘कालु’च म्हणतात. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे पाव, हे दोन्ही भाषांच्या लोकांना शाळेवाचून सुचले होते. शाळेत आल्यावर मराठी पोर ‘गुणोत्तर’ म्हणते, कानडी पोर ‘अनुपात’ म्हणते, आणि जनावर दोघांच्याही डोळ्यांपुढून नाहीसे होते.

त्याच्या जागी येतो तो तिरका गुणाकार. तीन संख्या दिल्या की फुलीसारख्या रेघा मारायच्या, वरचा खालच्याने गुणायचा, उरलेल्याने भागायचे, उत्तराखाली दोन रेघा. मी एकदा वर्गात गमतीने विचारले, “एक गवई यमनचा ख्याल चाळीस मिनिटांत गातो. दोघांनी मिळून जुगलबंदी केली तर तो ख्याल किती मिनिटांत संपेल?” अर्ध्या वर्गाने व्यस्तप्रमाण लावून ‘वीस मिनिटे’ असे उत्तर काढले. एकाने समप्रमाण लावून ऐंशी काढले. हे कुठे घडले, तर मल्लिकार्जुन मन्सूरांच्या धारवाडात! मुले हसली नाहीत, हे मला जास्त लागले. गणिताच्या तासाला अर्थाकडे पाहायचे नसते, हे आम्ही त्यांना इतके छान शिकवले होते.

तेव्हा प्रमाण शिकवणे म्हणजे प्रमाण कुठे लागते एवढेच शिकवणे नव्हे. ते कुठे लागत नाही हेही शिकवणे. आणि ही दुसरी बाजू शिकवायला संभाव्यतेइतका चांगला विषय नाही. माझ्या विद्यार्थ्याची चूक पाहा. ‘दहा आकड्यांत एक, म्हणजे एका दिवशी दहावा हिस्सा, पाच दिवसांत अर्धा, दहा दिवसांत पुरा एक, म्हणजे दहा दिवसांत सहा आलाच पाहिजे.’ हे शुद्ध त्रैराशिक आहे. मी शिकवलेले. त्याने ते नको तिथे लावले एवढेच.

खरा हिशेब सातवीतल्या मुलालाही करता येतो. हजार माणसे घ्या; प्रत्येकाने आपापल्या मटक्यात सहावर पैसे लावले आहेत. पहिल्या दिवशी शंभरांचा लागला, नऊशे रिकाम्या हाताने राहिले. दुसऱ्या दिवशी त्या नऊशेंतला दहावा हिस्सा सुटला, ८१० राहिले. मग ७२९. मग साधारण ६५६, ५९०, ५३१, ४७८, आणि आठव्या दिवसाअखेर ४३०. म्हणजे आठ दिवस सहा न दिसणे हे हजारांतल्या चारशे तीस जणांच्या वाट्याला येणारे आहे. त्यात नवल कसलेच नाही. दहाव्या दिवसानंतरही साडेतीनशेच्या आसपास माणसे वाट बघतच असतात. आणि नवव्या दिवशी त्या चारशे तीसांतल्या किती जणांचा लागतो? पुन्हा दहावा हिस्सा, त्रेचाळीस. आकड्याला गेल्या आठ दिवसांची आठवण नसते. दरवेळी दशांश वजा करणे यापलीकडे या हिशेबात काय आहे? पण हे कुठल्या इयत्तेत कुणी केले?

*

याला घेतले जाणारे आक्षेप मला पाठ आहेत. शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षे ऐकले आहेत.

पहिला आक्षेप नीतीचा. ‘फासे, पत्ते, नाणी उडवणे शाळेत नको, मुले जुगार शिकतील.’ असे म्हणणाऱ्यांनी महाभारत नीट वाचलेले नाही. वनपर्वातला नल द्यूतात राज्य हरतो आणि बाहुक होऊन ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे किती, हे रथात बसल्या बसल्या सांगतो. बाहुकाला पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. ज्याला झाडाची अशी गणना येते त्यालाच फाशांचे मर्म ठाऊक असते, असे कथाकार सांगतो. आणि ते मर्म नलाला मिळताच त्याच्या अंगातला कलि बाहेर पडतो. दोन फांद्यांवरून झाडाचा अंदाज करणे हे प्रमाण, फाशांचे मर्म ही संभाव्यता, आणि कथाकाराने दोन्ही एकाच गुरूकडून एकाच वाटेवर शिकवली. जुगाराने बुडालेल्या माणसाला कलीपासून सोडवले ते फाशांच्या विद्येने. (पुढे नलाने त्याच विद्येवर पुष्कराकडून राज्य परत जिंकले, हे मी मुलांना जरा खालच्या आवाजात सांगतो!) आणि फासे नकोतच म्हणणाऱ्यांनी फासे आणू नयेत. आमच्याकडे सोयाबीन आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरा आक्षेप वयाचा. ‘अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही.’ एक प्रश्न विचारून पाहा. दोन मुले साठ गोट्या मध्ये ठेवून खेळत आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याच्या सगळ्या गोट्या. दोघे सारख्याच तोडीचे. एकाचे दोन डाव, दुसऱ्याचा एक डाव झाला आणि शाळेची घंटा वाजली. गोट्या कशा वाटायच्या? मुले लगेच म्हणतात, दोनास एक; चाळीस आणि वीस. १४९४ साली इटलीतल्या पाचोली नावाच्या गणितीनेही जिंकलेल्या डावांच्या प्रमाणातच वाटणी सांगितली होती. मग विचारा, “पुढे दोन डाव झाले असते तर काय काय होऊ शकले असते?” मुले चार शक्यता लिहितात. त्यांतल्या तिन्हींत पहिला जिंकतो, एकीत दुसरा. वाटणी तिनास एक. पंचेचाळीस आणि पंधरा. १६५४ साली फ्रान्समध्ये पास्काल आणि फर्मा यांनी पत्रांतून याच जातीचा प्रश्न सोडवला आणि संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. झालेल्या डावांचे प्रमाण घ्यायचे की उरलेल्या शक्यतांचे, एवढाच तो पेच होता. मुलांना तो घंटेआधी कळतो. झेपत नसेल तर ते आम्हाला.

तिसरा आक्षेप पोर्शनचा, आणि तो वरून आलेला असल्यामुळे सर्वांत भारी. २०२२ साली एनसीईआरटीने मुलांचे ओझे कमी करताना नववीच्या गणितातले संभाव्यतेचे अख्खे प्रकरण वगळले. त्या प्रकरणात काय होते? नाणे शंभर वेळा उडवा, फासा टाका, नोंदी करा, वर्गाच्या नोंदी एकत्र करा आणि अपूर्णांक कसा स्थिरावतो ते पाहा. म्हणजे करून बघण्याचा भाग गेला. दहावीचे प्रकरण राहिले, ज्यात नाणे न उडवताच ‘एक द्वितीयांश’ लिहायचे असते. रोपटे उपटून फळ शिल्लक ठेवल्याचा हा प्रकार! त्यानंतर नव्या शैक्षणिक धोरणाची नवी पुस्तके येऊ लागली. पुस्तक कसेही येवो. ज्या शिक्षकाने कधी वर्गात शंभर वेळा नाणे उडवले नाही, त्याच्या हातात ते मुकेच राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

*

या तिन्ही आक्षेपांच्या तळाशी एक चौथी गोष्ट आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही, मी दाखवतो. आम्हा गणित शिक्षकांना एक उत्तर लागते. चाळीस वह्यांत एकच उत्तर, त्याखाली दोन रेघा, त्यावर लाल बरोबरची खूण. चाळीस वह्यांत चाळीस उत्तरे आली आणि ती सगळीच बरोबर असली, की आमचे हात कापतात. गुण कसे द्यायचे? या एका भीतीपायी आम्ही मुलांच्या हातून आयुष्यभराचे शहाणपण काढून घेतले.

आता सोयाबीन. धारवाड जिल्ह्यात ते पुष्कळ होते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असा दंडक आहे. घरचे बियाणे वापरणारा शहाणा शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. हाच प्रयोग वर्गात करा. चाळीस मुले, प्रत्येकाला दहा दाणे. बियाणे ७० टक्क्यांचे असेल तर प्रत्येकाचे सात उगवतील? मुळीच नाही. हिशेब असा, की चाळिसांतल्या जेमतेम दहा-अकरा मुलांचेच नेमके सात उगवतील. कुणाचे पाच, कुणाचे नऊ, एखाद्या बिचाऱ्याचे चार. ज्याचे चार उगवले तो म्हणेल, बियाणे खोटे. ज्याचे नऊ उगवले तो म्हणेल, माझा हात चांगला. मग फळ्यावर चाळीसही उत्तरे मांडून बेरीज करा. चारशे दाण्यांतले दोनशे ऐंशीच्या आगेमागे भरतील. एकेकाचे सांगता येत नाही, सर्वांचे सांगता येते, हे त्या फळ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते. ओसीवाल्याला कळलेले ज्ञान ते हेच, फक्त इथे कुणाचे दुकान जात नाही.

आणि लगेच पुढचा प्रश्न घाला. ७० टक्के उगवणीला एकरी तीस किलो बी लागते असे धरू. आपल्या घरच्या बियाण्याची उगवण ५६ टक्के निघाली, तर किती लागेल? व्यस्तप्रमाण, साडेसदतीस किलो. इथे मुलगा फुलीच्या रेघा मारणार नाही. उगवण कमी म्हणजे बी जास्त, हे त्याने स्वतः गोणपाट उलगडून पाहिलेले असते. शक्यता आणि प्रमाण हे दोन धडे नाहीत, एकाच धड्याची दोन पाने आहेत, हे त्याला सांगावेही लागत नाही.

याला खर्च किती? चारशे दाणे सोयाबीन आणि एक जुने पोते. लागणारा काळ, चार-पाच दिवस रोजची दहा मिनिटे. जी शाळा इतकेही देऊ शकत नाही, तिने ओझ्याची भाषा करू नये.

माझी मागणी थोडकी आहे. सहावी-सातवीत त्रैराशिकाबरोबरच शक्यता शिकवावी. दोन वर्षांनी नव्हे, त्याच पंधरवड्यात. सूत्र देण्याआधी मोजायला लावावे. प्रमाण न लागणारी उदाहरणे प्रत्येक स्वाध्यायात घालावीत. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर प्रत्येक वहीत निराळे येईल आणि गुण कारणाला मिळतील. यासाठी दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या परिपत्रकाची वाट बघण्याची गरज नाही. वर्गाचे दार आतून लावता येते.

*

त्या संध्याकाळी मी माझ्या विद्यार्थ्याला उपदेश केला नाही. हजार माणसांचा हिशेब कागदावर करून दाखवला. ४३०पर्यंत आल्यावर तो गप्प झाला, पण पटले नव्हते. मग मी त्याचीच वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, “ओपनला कुठलाही आकडा सलग आठ दिवस आला नाही असे या वहीत किती वेळा झाले, तेवढे मोज.” त्याने पेन्सिल घेतली. पहिल्या चार पानांतच खुणा करायला जागा पुरेना. अडीच वर्षे त्याने ती वही रोज लिहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. वाचायची कशी, हे त्याला कुणी दाखवलेच नव्हते.

जाताना त्याने वही उचलली नाही. म्हणाला, “राहू दे सर, तुमच्याकडेच.” ती अजून माझ्या कपाटात आहे. अडीच वर्षांची, स्वच्छ अक्षरातली, एकही तारीख न चुकलेली आकडेवारी. संभाव्यता शिकवायला याहून चांगले साहित्य मी पाहिलेले नाही. तिची किंमत एक किराणा दुकान एवढी पडली आहे. सातवीला गणित शिकवणाऱ्या कुणाला हवी असेल तर त्याने येऊन घेऊन जावी.